हातचा आणि हातून

कुमुदिनी पाटोदेकर यांचं नाव मी सगळ्यात आधी घेतो. आईवडिलांनी मला बोलायला शिकवलं, शाळेनं ते बोलणं सोडायला शिकवलं, आणि पाटोदेकर मॅडमनी ते परत बोलायला लावलं. त्यांचे माझ्यावर आणखीही उपकार आहेत, पण हा पहिला.

पिशोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. घरात मेंढरं. मी पिशोरच्या शाळेत शिकलो, कन्नडला कॉलेज केलं आणि छत्रपती संभाजीनगरला येऊन वकिलीची सनद घेतली, तेव्हा आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिलाच होतो. काळा कोट शिवून झाला, पण खंडपीठात उभं राहायला कुणाची ओळख लागते, ती नव्हती. लॉ कॉलेजच्या एका सरांनी पत्ता दिला आणि एका रविवारी सकाळी मी गारखेड्यात मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्यांनी माझं नाव विचारलं, बसायला सांगितलं आणि कुठल्यातरी खटल्यातल्या साक्षीचं पान हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं."

मी बातम्या वाचल्यासारखं वाचायला लागलो. शाळेत मी वाचनात पहिला यायचो. चार ओळी झाल्या नसतील तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा. हे कोण बोललं?"

"साक्षीदार, मॅडम."

"कुठला आहे तो?"

मी पान उलटून पाहिलं. "सिल्लोड तालुक्यातला. शेतमजूर."

"आणि तो म्हणाला, 'सदर इसमाने मला उद्देशून अर्वाच्य शिवीगाळ केली'?"

मी पुन्हा पानाकडे पाहिलं.

"सोपानराव, तुमच्या आईनं हे कसं सांगितलं असतं?"

आईचं बोलणं लपवायला मला पंधरा वर्षं लागली होती. खाली बघत मी म्हणालो, "त्यानं मला लई शिव्या दिल्या."

"हं," मॅडम म्हणाल्या. "लई. उद्यापासून या."

त्या तेव्हा साठीला आल्या असाव्यात. उंची बेताची, आवाज मात्र कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. केस तेल लावून घट्ट बांधलेले. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. सगळ्यांना 'अहो' म्हणायच्या: आम्हा ज्युनिअरांना, रिक्षावाल्याला, पोलिसाला, अशिलाला. एकदा एका दरोड्यातल्या आरोपीला त्यांनी "अहो, तुम्ही जरा सरळ बसा" म्हटलं, तर तो इतका लाजला की पुढे तासभर शाळकरी मुलासारखा हात बांधून बसला. चहा नेहमी गार करून प्यायच्या, आणि गार झाला की "गार झाला वाटतं" असं दर वेळी म्हणायच्या.

रस्त्यानं त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे परीक्षा. चौकातले फ्लेक्स वाचत जायच्या. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर 'गोरगरिबांचे कैवारी' असं लिहिलेलं पाहून तिथंच उभ्या राहिल्या. "सोपानराव, हे कुणी गोरगरिबानं म्हटलंय का?" मी म्हणालो, "नाही मॅडम, छापणाऱ्यानं म्हटलंय." "मग छापणाऱ्याचे कैवारी," असं म्हणून पुढे निघाल्या.

त्यांच्या कामाची एक रीत होती. खालच्या कोर्टातला साक्षीपुरावा खंडपीठात येतो तेव्हा मराठीच्या मागे त्याचा इंग्रजी तर्जुमा जोडलेला असतो. वकील मंडळी सरळ इंग्रजी उघडतात, कारण युक्तिवाद इंग्रजीत करायचा असतो. मॅडम इंग्रजी पानांना रबरबँड लावून ती कपाटावर ठेवून द्यायच्या. आधी मराठी, तेही मोठ्यानं, माणसाच्या आवाजात. आम्ही वाचायचं, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मध्येच हात वर जायचा. "तोंडचं की कागदावरचं?" एवढंच विचारायच्या. एकदा न्यायमूर्तींनी विचारलं, मॅडम, इंग्रजीत हे कोणत्या पानावर आहे? त्या म्हणाल्या, "सांगते मिलॉर्ड, पण साक्षीदार इंग्रजी बोलला नव्हता एवढं आधी लक्षात घ्यावं." कोर्ट हसलं. त्या हसल्या नाहीत.

या सवयीचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत मुन्शी होते. लोक मराठीत सांगायचे, आजोबा उर्दूत उतरवायचे. "फार सुंदर उर्दू लिहायचे म्हणे," मॅडम म्हणाल्या. "लोक अजून कौतुक करतात. मला मात्र वाटतं, त्या सुंदर उर्दूपायी किती माणसं आत गेली असतील." आणि मग गार झालेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

भिकाजीचं अपील त्यांच्याकडे विधी सेवा समितीतून आलं. आमच्याच भागातला मेंढपाळ, पण आमच्या नात्यातला नव्हे. धाकटा भाऊ दगडू याच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेली. तो हर्सूलच्या तुरुंगात होता.

घडलं होतं ते असं. दगडूला मेंढरं विकून वाळूजला कंपनीत कामाला लागायचं होतं, थोरल्याला ते मान्य नव्हतं. त्यावरून दोघांचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दोघं कळप घेऊन डोंगरात गेले, आणि दुपारी भिकाजी रक्तानं माखलेल्या भावाला पाठीवर घेऊन खाली आला. कड्यावरून पडला, म्हणाला. जीप करून त्याला शहरातल्या दवाखान्यात आणला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दगडू संपला होता. शहरात भिकाजीच्या ओळखीचा माणूस एकच, शहागंजमधला लोकरीचा व्यापारी. भिकाजी त्याच्याकडे गेला, प्रेत गावी न्यायला गाडी बघून द्या म्हणाला. आणि तिथं एक वाक्य बोलला.

डोक्यावरची जखम काठीची असू शकते आणि दगडावर पडल्याचीही, असं डॉक्टर म्हणाले होते. भांडणाची साक्ष दगडूच्या बायकोनं, पारूबाईनं दिली होती. कपड्यांवर रक्त होतं. पण शिक्षा झाली ती त्या वाक्यावर. निकालपत्रात लिहिलं होतं की आरोपीनं व्यापाऱ्याजवळ स्वतःहून खुनाची कबुली दिली.

मी व्यापाऱ्याची साक्ष मोठ्यानं वाचली. 'आरोपी माझ्या दुकानी आला. तो रडत होता. त्याने मला सांगितले की, माझा भाऊ माझ्या हातून गेला. मी त्यास पाणी दिले. त्याने मला गाडी बघण्यास सांगितले.'

हात वर. "परत."

मी परत वाचलं.

"हा व्यापारी कोणत्या भाषेत बोलतो?"

साक्षीच्या माथ्यावर नोंद होती: साक्ष हिंदीतून दिली. म्हणजे दखनी. शहागंजात जी बोलतात ती.

मॅडमनी डोळे उघडले. "म्हणजे भिकाजी बोलले तुमच्या बोलीत. व्यापाऱ्यानं कोर्टाला सांगितलं दखनीत. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं मराठीत. आणि ते इंग्रजीत गेलं." कपाटावरची पानं उतरवून त्यांनी रबरबँड काढला. तिथं होतं, 'डाइड ॲट माय हँड्स'. "सोपानराव, तुमच्याकडे एखादं माणूस, खूप सांभाळलेलं, डोळ्यांदेखत गेलं, तर काय म्हणतात?"

मला विचारच करावा लागला नाही. "हातचा गेला, म्हणतात."

'भाऊ हातचा गेला' आणि 'भाऊ हातून गेला'. एकात माणूस सगळं गमावून बसतो, दुसऱ्यात जन्मठेप भोगतो.

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर मॅडम मला घेऊन शहागंजला गेल्या. त्या व्यापाऱ्याची गल्ली त्यांनी मुद्दाम टाळली. सरकारी पक्षाच्या साक्षीदाराशी बोलणं त्यांना पाप वाटायचं. "साक्षीदाराशी बोलायचं नाही. बाजाराशी बोलायला बंदी नाही." घोंगड्यांच्या एका दुकानात शिरल्या. दुकानदार म्हातारा, दाढी मेंदीनं रंगवलेली. मॅडमनी चार घोंगड्या उलगडायला लावल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "चचा, कोई भोत प्यारा आदमी इलाज करते करते गुजर गया, तो क्या बोलते?"

"क्या बोलते, अम्मा, हाथ से गया बोलते."

"और कोई अपनेच हाथ से मार डाला तो?"

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "उसको बी हाथ सेच बोलते. मगर ऐसा कायको पूछ रै? घोंगडी लेना हय नै लेना?"

मॅडमनी घोंगडी घेतली. मी रिक्षात म्हणालो, "दोन्हीला एकच. मॅडम, हेच तर पाहिजे होतं आपल्याला." त्या मांडीवरच्या घोंगडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हो. पण याचा अर्थ असाही होतो की भिकाजी 'हातून'सुद्धा म्हणाले असतील."

हर्सूलला आम्ही त्याला भेटायला गेलो. भिकाजी पन्नाशीचा, वाळलेला, जाळीपलीकडे उकिडवा बसणारा. सुटकेबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही.

"बाई, पारूच्या मनात काय हाय, त्येवढं इचारा."

"ते कोर्टाचं काम नाही, भिकाजीराव."

"मंग कोनाचं?"

मॅडमनी हातातली फाईल मिटली. भिकाजी जाळीला हात लावून म्हणाला, "म्या तिचा भाया. ती माझ्याम्होरं कवाच बोलली नाय. आता काय बोलंल."

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भाया म्हणतात. धाकट्याची बायको त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तोंड उघडून बोलत नाही. मी हे मॅडमना बाहेर आल्यावर सांगितलं. मला तेव्हा दुसरंच विचारायचं होतं. "मॅडम, आत्ताच त्याला विचारलं असतं ना, तू काय म्हणालास म्हणून?"

त्या थांबल्या. "मी विचारलं तर शब्द मीच त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होईल. मग ते आयुष्यभर माझाच शब्द बोलतील. अशिलाच्या तोंडात मी कधी शब्द घातला नाही." हा त्यांचा नेम होता. आम्हा ज्युनिअरांना त्याचा अभिमान वाटायचा.

व्यापाऱ्याची साक्ष पुन्हा घ्यावी, असा अर्ज त्यांनी केला. सरकारी वकिलांनी चौकशी करून कोर्टाला सांगितलं की साक्षीदार मधल्या काळात वारला. त्या दिवशी मॅडम कोर्टातून बाहेर पडताना पायरी चुकल्या, मी हात धरला. "गेला," त्या म्हणाल्या. "आता ते वाक्य कुणाच्याच तोंडात राहिलं नाही."

अंतिम सुनावणीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात मराठीचं ते एकच पान होतं. नाटक केलं नाही. एवढंच सांगितलं की एक वाक्य तीन भाषांतून आलं आहे आणि मधल्या भाषेत दोन अर्थांना एकच शब्द आहे. मूळ शब्द कुणी लिहून घेतला नाही. खून करून आलेला माणूस भावाचं प्रेत गावी न्यायला गाडी मागतो का, हेही विचारलं. सरकारी वकील म्हणाले की शब्दांचा कीस काढला जातोय. न्यायमूर्तींपैकी एकजण लातूरकडचे असावेत. त्यांनी ते वाक्य पुटपुटून पाहिलं, दोन्ही प्रकारे. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो.

भिकाजी सुटला. संशयाचा फायदा देऊन.

त्याला घ्यायला गावाहून कुणी आलं नव्हतं, म्हणून मी आणि मॅडम गेलो. तो कापडी पिशवी घेऊन बाहेर आला आणि मॅडमच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. समोरच्या टपरीवर आम्ही बसलो. मी उत्साहात निकाल समजावून सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"संशयाचा फायदा म्हंजी," तो म्हणाला, "कोर्टाला आजून संशय हायेच की."

"कायद्यानं तुम्ही निर्दोष आहात," मी म्हणालो.

"कायद्यानं व्हय."

मग मॅडमनी विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती. अपील संपलं होतं. "भिकाजीराव, त्या दिवशी शहागंजात तुम्ही नक्की काय म्हणालात? हातचा गेला, का हातून गेला?"

भिकाजीनं बशीतला चहा खाली ठेवला.

"आता नाय सांगता येत, बाई. पोलिसानं इचारलं, वकिलानं इचारलं, कोर्टात वाचून दाखिवलं. जेलात पोरं मला त्याच नावानं हाका मारायची, हातून गेला, हातून गेला. रातच्याला दोनीबी म्हनून बघायचो. दोनीबी माझंच वाटायचं." तो थोडा हसल्यासारखा झाला. "पयल्या साली इचारलं असतं तर म्हायती व्हतं."

मॅडमनी त्याच्यासाठी पिशोरची गाडी बघायला मला पाठवलं. मी परत आलो तेव्हा दोघं तशीच बसली होती, एकमेकांकडे न बघता.

त्यानंतर त्या बदलल्या असं म्हणायला नको. खटले चालवतच होत्या, फ्लेक्स वाचतच होत्या. पण घरातल्या ऑफिसात एखाद्या साक्षीचं वाचन चालू असलं की मध्येच हात वर व्हायचा आणि पुढे काही यायचं नाही. आम्ही थांबून राहायचो. कधी स्वयंपाकघरातून त्यांचा हलका आवाज यायचा, दोन शब्द, एकामागून एक. घरी दुसरं कुणी नाही हे मला माहीत होतं. एकदा निकाल लागून वर्ष उलटल्यावर त्यांनी मला ते पान पुन्हा वाचायला सांगितलं. मी म्हणालो, "मॅडम, ते अपील निकाली निघालं." "वाचा हो," त्या म्हणाल्या. मी वाचलं. "परत." मी परत वाचलं. मग त्या म्हणाल्या, "विचारायला हवं होतं. माणसापेक्षा माझा नेम मोठा झाला." तिसऱ्यांदा त्यांनी वाचायला लावलं नाही.

शहागंजहून घेतलेली घोंगडी त्यांनी कधी वापरली नाही, कुणाला दिलीही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वकिली थांबवली. गुडघे गेले, मुलगी नाशिकला चला म्हणून मागे लागली. पुस्तकं आम्हा तिघा ज्युनिअरांत वाटली. माझ्या वाट्याला जुना मराठी शब्दकोश आला. त्यात जागोजागी पेन्सिलीनं 'हे कोण बोलतं?' असं लिहिलेलं आहे. जायच्या दिवशी मुलीची गाडी दारात उभी होती. सामान भरून झालं, मॅडम मागच्या सीटवर बसल्या, मी दार लावलं. काच खाली आली.

"सोपानराव, पिशोरला कधी जाता?"

"दिवाळीला जाईन, मॅडम."

"भिकाजींच्या घरी जाऊन या. पारूबाईंना विचारा, त्यांच्या मनात काय आहे ते. भिकाजींनी मला जाळीतून एकच काम सांगितलं होतं आणि मी ते कोर्टाचं नाही म्हणाले." मग म्हणाल्या, "आणि जे म्हणतील ते तसंच लिहा. सुधारू नका."

गाडी निघाली. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, मुलीकडे वळलेलं नव्हतं. सरळ, किंचित झुकलेलं, आम्ही वाचत असताना असायचं तसं. डोळे मिटलेले असणार. पुंडलिकनगरच्या वळणाला गाडी दिसेनाशी झाली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

दिवाळीनंतर मी त्यांना पाठवलेलं पत्र हे.

*

आदरणीय मॅडम,

सा. न.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे भिकाजीच्या घरी जाऊन आलो. भिकाजी ठीक आहे. निम्मी मेंढरं विकली, उरलेली तोच सांभाळतो. घरं दोन आहेत, अंगण एक. पारूबाईंचा मुलगा वाळूजला कंपनीत कामाला लागला. भिकाजीनंच त्याला पाठवलं, असं वस्तीवर समजलं.

संध्याकाळी भिकाजी कळप घेऊन आला. पारूबाईंनी पदर पुढे ओढला आणि त्याची भाकरी झाकून मधल्या ओट्यावर ठेवून त्या आत गेल्या. तो हातपाय धुऊन जेवायला बसला. दोघं बोलली नाहीत. रोज असंच चालतं, असं वस्तीवरचे म्हणाले. मी दोघांच्या मध्ये बसून जेवलो.

सकाळी तो डोंगरात गेल्यावर मी पारूबाईंना विचारलं. कोर्टात साक्ष दिली तेव्हा त्यांना फक्त भांडणाचं विचारलं होतं, बाकी काही कुणी विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग चुलीपुढे बसून जे बोलल्या ते खाली तसंच लिहितो. एकही शब्द बदललेला नाही. ऐकता ऐकता मनात पाठ केलं आणि बांधावर येऊन लगेच लिहून काढलं.

"म्या आदीबी भायाम्होरं बोलत नव्हते, आताबी बोलत नाय. आदीचं गप आन आताचं गप लोकाला येकच दिसतं. त्येनलाबी येकच दिसत आसंल. त्येंनी मारलं आसंल तरी भाकर करून ठिवते, नसंल मारलं तरीबी ठिवते. घरचं मानूस हाय, उपाशी कसं ठिवावं. पर रोज थापताना मनात येतं, ही कंची भाकर हाय. मारनाराची का न मारनाराची. मला नाय कळत. तुमच्या बाई लई शिकलेल्या हायेत. त्येनला कळलं का?"

तुम्हाला विचारून कळवतो, असं त्यांना म्हणून आलो आहे.

तुमचा,
सोपान